कुणाच्या कात्रीतून सुटलेला कुंग फू? जुन्या हाँगकाँगी चित्रपटांच्या आवृत्त्या ओळखायच्या कशा

आमच्या तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडमागे एक व्हिडिओ पार्लर होतं. पत्र्याची शेड, वीसेक बाकडी, एक रंगीत टीव्ही आणि सतत तापणारा व्हीसीआर. तिकीट दोन रुपये. एका रविवारी दाराशी 'एंटर द ड्रॅगन'चं पोस्टर लागलं. उघड्या अंगाचा ब्रूस ली, हातात नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन दांडक्या. पोरं तुटून पडली. आत मात्र भलताच प्रकार झाला. खलनायकाच्या तळघरातल्या मारामारीत लीने आधी लांब काठी फिरवली, मग दोन आखूड काठ्या, आणि आता नानचाकू निघणार म्हणून आम्ही बाकड्यावर उभे राहिलो, तेवढ्यात पिक्चरने टुणकन उडी मारली. नानचाकू आलाच नाही. 'पैसे परत द्या' म्हणून गलका झाला. मालक देवाशपथ सांगत होता, की मी काही कापलेलं नाही.

बिचारा खरं बोलत होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. कॅसेट बहुधा ब्रिटनमधून फिरत फिरत आलेली होती आणि तो नानचाकू लंडनमध्येच कापला गेला होता. तेव्हापासून जुना कुंग फूपट पाहायला घेतला की मी कथा, नट, दिग्दर्शक हे सगळं नंतर बघतो. आधी विचारतो: ही आवृत्ती कुणाची, आणि कुणासाठी तयार केलेली?

हे चित्रपट नव्याने बघू लागलेली मंडळी मला हमखास विचारतात, 'याचं फुल व्हर्जन कुठे मिळेल?' प्रश्न साधा वाटतो, पण इथेच बहुतेकांची वाट चुकते. हाँगकाँगच्या निर्मात्यांनी एकच चित्रपट स्वतःच्या शहरासाठी एक, तैवान-सिंगापूर-मलेशियासाठी दुसरा, युरोप-अमेरिकेसाठी तिसरा असा विकला. प्रत्येक ठिकाणच्या सेन्सॉरने, वितरकाने आणि टीव्हीवाल्याने त्यावर आपापला हात फिरवला. त्यामुळे सर्वांत लांब आवृत्ती मूळ असेलच असं नाही, आणि मूळ आवृत्ती कात्रीतून सुटलेली असेल असंही नाही.

पहिली पायरी: इंग्रजी नावावर विश्वास ठेवू नका

ब्रूस लीचा १९७१ चा पहिला मोठा चित्रपट 'द बिग बॉस', दिग्दर्शक लो वेई, चित्रीकरण थायलंडमध्ये. दुसरा १९७२ चा 'फिस्ट ऑफ फ्युरी'. अमेरिकेत हे लागले तेव्हा नावांची अशी अदलाबदल झाली की आजही माणसं फसतात. 'द बिग बॉस' तिथे 'फिस्ट्स ऑफ फ्युरी' झाला, आणि खरा 'फिस्ट ऑफ फ्युरी' झाला 'द चायनीज कनेक्शन'. 'कनेक्शन' हे नाव खरं तर पहिल्या चित्रपटासाठी ठरलेलं होतं, कारण त्यात अमली पदार्थांची तस्करी आहे आणि त्या सुमारास 'द फ्रेंच कनेक्शन' गाजत होता. नावं उलटी चिकटली आणि तशीच राहिली. तिसरा 'वे ऑफ द ड्रॅगन' अमेरिकेत १९७४ मध्ये, म्हणजे 'एंटर द ड्रॅगन'नंतर पोचला. मग वितरकाने त्याचं 'रिटर्न ऑफ द ड्रॅगन' करून टाकलं, जणू पुढचा भागच. आधीचा चित्रपट नंतरचा झाला.

शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या स्टुडिओच्या चित्रपटांचीही हीच गत. 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) अमेरिकेत 'द मास्टर किलर' म्हणून फिरला. 'किंग बॉक्सर' (१९७२) तिथे 'फाइव्ह फिंगर्स ऑफ डेथ' झाला. 'क्रिपल्ड अव्हेंजर्स' (१९७८) ला 'रिटर्न ऑफ द फाइव्ह डेडली व्हेनम्स' म्हणून विकलं. त्या चित्रपटात मूळ 'फाइव्ह व्हेनम्स'मधले नट आहेत, कथेचा मात्र काडीचा संबंध नाही.

म्हणून शोधताना चिनी नाव, वर्ष आणि दिग्दर्शक असं त्रिकूट हाताशी ठेवा. 'द बिग बॉस'चं चिनी नाव 'थांग शान ता श्युंग', 'फिस्ट ऑफ फ्युरी'चं 'चिंग वू मन'. हाँगकाँग मूव्ही डेटाबेस या संकेतस्थळावर एकाच चित्रपटाची सगळी नावं एका जागी सापडतात. माणसांच्या नावांचीही गंमत असते. लाऊ कार-लेउंग आणि ल्यू च्या-ल्यांग हा एकच दिग्दर्शक, पहिलं कँटोनीज या हाँगकाँगच्या बोलीच्या उच्चारातलं नाव, दुसरं मँडरिनमधलं, म्हणजे प्रमाण चिनीतलं. गॉर्डन ल्यू, लाऊ कार-फाय आणि ल्यू च्या-हुई हाही एकच माणूस. पहिलं वर्षभर मी त्यांना तीन वेगळे नट समजत होतो.

दुसरी पायरी: मिनिटं मोजा, पण त्याआधी पंचवीस आणि चोवीसचं गणित करा

दोन आवृत्त्या वेगळ्या आहेत का, हे कळायची पहिली खूण म्हणजे लांबी. एका डिस्कवर १०० मिनिटं आणि दुसरीवर ९६ दिसली की नवा माणूस ओरडतो, 'चार मिनिटं कापली!' थांबा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. ब्रिटन, युरोप आणि आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला २५ चौकटींचा. जुन्या व्हीएचएस आणि डीव्हीडीवर चित्रपट चढवताना तो सरळ २५ च्या वेगाने पळवायचे. त्यात सुमारे चार टक्के वेळ वाचतो आणि १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो. एक चौकटही कापलेली नसते.

आवाज मात्र किंचित चढतो. दूरदर्शनच्या आणि कॅसेटच्या काळात आपण पाहिलेल्या कितीतरी चित्रपटांतली माणसं प्रत्यक्षापेक्षा जराशी घाईत आणि वरच्या पट्टीत बोलत होती ती यामुळेच. ब्लू-रे सहसा २४ च्या वेगाने चालते, अमेरिकी-जपानी एनटीएससी पद्धतीतही मूळ वेग टिकतो. तेव्हा पाल डिस्कच्या मिनिटांना २५ ने गुणून २४ ने भागा आणि मगच तुलना करा. एवढं करूनही पाच-सात मिनिटांचा फरक उरला, तर खरंच काहीतरी गेलंय.

तिसरी पायरी: कान लावा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कात्रीपेक्षा जास्त उलथापालथ आवाजात झालेली आहे आणि तिकडे लक्ष फार कमी लोकांचं जातं.

त्या काळातले हाँगकाँगचे बहुतेक चित्रपट आवाजाविना चित्रित व्हायचे. सेटवर कुणी कँटोनीज बोलतोय, कुणी मँडरिन, परदेशी नट असेल तर इंग्रजी. सगळा आवाज नंतर स्टुडिओत भरला जायचा, तोही बहुतेक वेळा भलत्याच माणसाकडून. ब्रूस लीच्या हाँगकाँगी चित्रपटांत चिनी संवादांचा आवाज त्याचा नाही. 'एंटर द ड्रॅगन'च्या इंग्रजीत तो स्वतः बोलतो, म्हणून तिथे त्याचं व्यक्तिमत्त्व एकदम वेगळं भासतं. थोडक्यात, 'मला डबिंग नको, ओरिजिनल आवाज हवा' असं म्हणाल तर तो आवाज बहुतेक वेळा अस्तित्वातच नाही. चिनी ट्रॅकही डबिंगच आहे.

मग भाषा निवडायची कशी? एक ढोबळ नियम सांगतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगच्या पडद्यावर मँडरिनचं राज्य होतं, १९७२ मध्ये तर कँटोनीज चित्रपट जवळपास नाहीसे झाले होते. १९७३ च्या 'द हाउस ऑफ सेव्हंटी-टू टेनंट्स'ने ती भाषा परत आणली आणि दशकाच्या शेवटी विनोदी कुंग फूने तिला डोक्यावर घेतलं. म्हणून शॉ ब्रदर्सचे सत्तरच्या दशकातले चित्रपट मँडरिनमध्ये ऐका. १९७८ नंतरचे जॅकी चॅनचे कँटोनीजमध्ये ऐका, कारण तिथला विनोद बाजारातल्या बोलीचा आहे. 'ड्रंकन मास्टर'च्या एका जुन्या डीव्हीडीवर कँटोनीज ट्रॅक अर्धवट होता. पात्र बोलता बोलता मध्येच मँडरिनमध्ये शिरायचं. दारूचा परिणाम समजून मी तेही चालवून घेतलं.

इंग्रजी डबिंगला मात्र नाक मुरडू नका. हे काम बरंचसं हाँगकाँगमध्येच राहणाऱ्या परदेशी लोकांच्या छोट्याशा टोळीने केलं, त्यामुळे तेच चार-पाच आवाज शेकडो चित्रपटांत ऐकू येतात. अमेरिकेत आणि जगभर लोकांनी हे चित्रपट याच आवाजात ऐकले. वू-टँग क्लॅन या अमेरिकी रॅप गटाच्या १९९३ च्या पहिल्या अल्बममधले संवादाचे तुकडे 'शाओलिन अँड वू टँग'च्या इंग्रजी डबिंगमधून उचललेले आहेत. मँडरिन ट्रॅक लावलात तर ते तुकडे सापडणारच नाहीत. इंग्रजी डबिंग हीदेखील एक ऐतिहासिक आवृत्ती आहे. फक्त ती दुसऱ्यांदा पाहताना लावा.

पार्श्वसंगीताची कथा आणखी रंगतदार. 'द बिग बॉस'ला तीन वेगवेगळी संगीतं आहेत. मूळ मँडरिन आवृत्तीला वांग फू-लिंगचं. इंग्रजी आवृत्तीला पीटर थॉमस या जर्मन संगीतकाराचं, पितळी वाद्यांचं दणदणीत. आणि १९८३ च्या सुमारास आलेल्या कँटोनीज आवृत्तीत जोसेफ कू यांचं संगीत, त्यात पिंक फ्लॉइड आणि किंग क्रिमसनचे तुकडे बिनधास्त मिसळलेले. मारामारी तीच, घाव तेच, पण मँडरिनमध्ये ती लोककथेसारखी वाटते, इंग्रजीत हेरपटासारखी, आणि कँटोनीजमध्ये रात्री दोनला रेडिओ लावल्यासारखी.

असं उचललेलं संगीत हा त्या धंद्यातला राजरोस प्रकार होता. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'मध्ये झाँ-मिशेल जारचं 'ऑक्सिजेन' वाजतं. 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन'मध्ये नॉय या जर्मन बँडची धून खलनायकासोबत फिरते. शॉ ब्रदर्सने लंडनच्या डी वुल्फ या संगीतसाठ्यातल्या तयार धुना भरपूर वापरल्या. पुढे हक्कांचा प्रश्न आला की नव्या आवृत्तीत धून बदलते किंवा गप्पच होते. यालाही कात्रीच म्हणायचं, फक्त ती वकिलाची.

सेलेस्टियल पिक्चर्स या मलेशियन मालकीच्या हाँगकाँगमधल्या कंपनीने २००० मध्ये शॉ ब्रदर्सचा साडेसातशेहून अधिक चित्रपटांचा साठा घेतला आणि २००२ पासून स्वच्छ केलेल्या प्रती बाजारात आणल्या. चित्र लख्ख, पण त्यांपैकी बऱ्याच प्रतींवर ठोशांचे आणि तलवारींचे आवाज नव्याने भरलेले होते. जुन्या मोनो ट्रॅकमधला तो कोरडा 'फट्' आवाज गेला आणि त्या जागी गुबगुबीत धप्प आलं. डिस्क घेताना 'मूळ मोनो' असं लिहिलंय का, ते जरूर बघा.

चौथी पायरी: चौकटीच्या कडा

शॉ ब्रदर्सचे चित्रपट शॉस्कोपमध्ये, म्हणजे रुंदी उंचीच्या जवळजवळ २.३५ पट असलेल्या पडद्यासाठी काढलेले. चौकोनी टीव्हीसाठी त्यांच्या दोन्ही बाजू छाटल्या गेल्या. वीस माणसांनी वेढलेला नायक तिथे दोघातिघांशीच लढताना दिसतो आणि डाव्या कडेबाहेरून एक पाय येऊन त्याला लागतो. प्रिंटवर छापलेल्या चिनी-इंग्रजी उपशीर्षकांची डोकी-शेपट्या उडतात ते वेगळंच. मिनिटं सगळी शाबूत आणि चित्र चाळीस टक्क्यांच्या आसपास गायब. अशी प्रत शक्यतो घेऊच नका.

पाचवी पायरी: कुणाची कात्री, हे ओळखा

प्रत्येक देशाच्या सेन्सॉरची आपापली खोड होती. एकदा ती माहीत झाली की कापलेली जागा बघून देश सांगता येतो.

ब्रिटनची खोड म्हणजे नानचाकू. तिथल्या सेन्सॉर मंडळाचे सचिव जेम्स फर्मन १९७५ ते १९९९ एवढा प्रदीर्घ काळ त्या खुर्चीत होते. रक्तापेक्षा त्यांना भीती वाटायची ती रस्त्यावरच्या पोरांनी नक्कल करण्याची, आणि साखळीने जोडलेल्या दोन दांडक्या तर कुणीही घरी बनवू शकतो. १९७९ मध्ये 'एंटर द ड्रॅगन'मधून नानचाकूचा प्रसंग काढला गेला. 'वे ऑफ द ड्रॅगन'मधलाही गेला. १९८४ च्या कायद्याने व्हिडिओ कॅसेटवरही मंडळाचा शिक्का सक्तीचा केला, तेव्हा घरची वाटही बंद झाली. हे खूळ इतकं वाढलं की निंजा कासवांच्या बालपटात सॉसेजची माळ नानचाकूसारखी फिरवलेला विनोदसुद्धा कापला गेला. 'एंटर द ड्रॅगन' ब्रिटनमध्ये पूर्ण रूपात परत आला तो २००१ मध्ये. आमच्या पार्लरवाल्याची आठवण मला त्या वर्षी फार आली.

ब्रिटनची दुसरी खोड प्राण्यांची, आणि तिथे मी सेन्सॉरच्या बाजूने आहे. १९३७ च्या एका कायद्यानुसार चित्रीकरणासाठी प्राण्याला क्रूरपणे वागवलं असेल तर ते दृश्य दाखवता येत नाही. 'स्नेक इन द ईगल्स शॅडो'मध्ये जॅकी चॅन मांजर आणि नागाची झुंज बघून नवा डाव शिकतो. झुंज खरी आहे. ब्रिटिश प्रतीत ती कापलेली असल्यामुळे नायकाला मांजरीचा पवित्रा कुठून सुचला हेच कळत नाही. कथेचं नुकसान होतं, हे मान्य. पण पूर्ण प्रत पाहताना तो तुकडा मी स्वतःच पुढे ढकलतो.

अमेरिकेत मंडळापेक्षा वितरकाची आणि टीव्हीची कात्री जास्त चालली. संथ प्रसंग, विनोद, चिनी इतिहासाचे संदर्भ असं जे जे 'आपल्या प्रेक्षकाला कळणार नाही' ते बाहेर. 'एंटर द ड्रॅगन'च्या सुरुवातीचं ली आणि शाओलिनच्या वृद्ध गुरूचं संभाषण हाँगकाँगमध्ये होतं, अमेरिकेत नव्हतं. १९९८ च्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते परत जोडलं गेलं. जुना, ९८ मिनिटांचा चित्रपट केवळ मारामारीचा वाटतो. त्या चार-पाच मिनिटांनी लीला त्यातून काय म्हणायचं होतं त्याचा थोडा सुगावा लागतो. जॅकी चॅनचा १९९४ चा 'ड्रंकन मास्टर टू' अमेरिकेत २००० मध्ये लागला तेव्हा शेवटचा छोटा प्रसंग काढला होता. औद्योगिक अल्कोहोल पिऊन लढलेला नायक त्यात वेडा झालेला दाखवलाय, तोही विनोद म्हणून. तो विनोद मलाही पटत नाही. पण दारू पिऊन लढण्याची किंमत काय, हे सांगणारी तेवढीच एक जागा चित्रपटात होती.

खुद्द हाँगकाँगमध्ये १९८८ पर्यंत प्रौढांसाठी असा वेगळा वर्गच नव्हता. चित्रपट सगळ्यांसाठी, नाहीतर कापलेला, नाहीतर बंद. नोव्हेंबर १९८८ पासून तीन श्रेणी आल्या. म्हणजे त्याआधीच्या काळात खुद्द घरची प्रतही छाटलेली असू शकते. 'द बिग बॉस'मध्ये ली शत्रूच्या डोक्यात करवत घालतो, त्याची छायाचित्रं जगभर फिरतात. प्रसंग मात्र आपण ज्या प्रती पाहतो त्यांत करवत उगारण्यापाशीच तुटतो. पन्नास वर्षं लोक तो शोधताहेत.

कापलेली जागा हाताने ओळखायची सोपी पद्धत अशी. चित्र उडी मारतं तेव्हा संगीतही उडी मारतं का ते ऐका. दोन्ही एकदम तुटले तर काप तयार प्रतीवर बसलाय, म्हणजे सेन्सॉरचा किंवा टीव्हीवाल्याचा. संगीत अखंड वाहतंय आणि चित्र मात्र एखाद्या बघ्याच्या चेहऱ्यावर नको इतकं थांबलंय, तर निर्मात्याने स्वतःच वेगळी आवृत्ती जुळवलेली असण्याचा संभव जास्त. आणि दर वीसेक मिनिटांनी एक छोटा झटका, त्याच्या मागेपुढे ओरखडे असतील, तर तो रिळाचा शेवट आहे. प्रोजेक्टरवर चढवून-उतरवून झिजलेला. त्याला सेन्सॉर म्हणू नका.

कापल्यासारखं वाटतं, पण कापलेलं नसतं

खलनायक मेला त्याच क्षणी चित्र गोठतं आणि 'समाप्त'. नायकाची जखमी आई, वाट बघणारी नायिका, कुणाचाच पत्ता नाही. नवा माणूस हमखास विचारतो, शेवट कुठे गेला? कुठे गेलेला नाही, या चित्रपटांची रीतच तशी. सूड संपला की गोष्ट संपली.

'एट डायग्राम पोल फायटर' (१९८४) पाहताना तर शंभरातले नव्वद जण कापाकापीचा आरोप करतात. अलेक्झांडर फू शेंग त्यात दुसरा नायक म्हणून सुरुवातीला ठसठशीत येतो आणि मध्यावर नाहीसाच होतो. चित्रीकरण चालू असतानाच, १९८३ मध्ये, तो मोटार अपघातात गेला. लाऊ कार-लेउंगने कथा बदलून गॉर्डन ल्यूच्या खांद्यावर टाकली. हे माहीत असलं की त्या चित्रपटातला शोक वेगळाच जाणवतो.

तुकड्यांचे चित्रपट

काही वेळा आवृत्ती कापून होत नाही, शिवून होते. ब्रूस ली २० जुलै १९७३ ला गेला. 'गेम ऑफ डेथ'साठी त्याने मनोऱ्यातल्या मजल्यामजल्यावरच्या लढती चित्रित करून ठेवल्या होत्या. १९७८ मध्ये त्यातली दहा-बारा मिनिटं घेऊन भोवती पूर्ण वेगळी कथा रचली गेली. बदली नट, काळे चष्मे, एका ठिकाणी तर आरशावर चिकटवलेला लीचा कागदी चेहरा. त्याच्या खऱ्या अंत्यदर्शनाची दृश्यंही वापरली, ते मला आजही खटकतं. आशियाई आणि आंतरराष्ट्रीय आवृत्त्यांत पुन्हा प्रसंग वेगळे, एकीत काचेच्या हरितगृहातली लढत आहे, दुसरीत नाही. कुठली पूर्ण म्हणायची? माझ्या मते कुठलीच नाही. २००० च्या 'ब्रूस ली: अ वॉरियर्स जर्नी' या माहितीपटात लीने चित्रित केलेला भाग अर्ध्या तासाहून जास्त, त्याच्या टिपणांनुसार जुळवून दाखवलाय. आधी तो बघा.

जॅकी चॅनच्या नावावर तर सरळसरळ ठिगळकाम झालं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा त्याचा एक पडेल चित्रपट, तो नावारूपाला आल्यावर 'मास्टर विथ क्रॅक्ड फिंगर्स' म्हणून परत आणला. मधे 'ड्रंकन मास्टर'मधल्या म्हाताऱ्या गुरूचे, य्वेन स्याओ-थिएनचे, नवे प्रसंग घुसडले. शेवटच्या लढतीत नायकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, कारण पट्टीखाली जॅकी नाहीच. 'फिअरलेस हायना पार्ट टू' (१९८३) सुद्धा तो कंपनी सोडून गेल्यावर उरलेली दृश्यं आणि बदली नट जोडून केलेला. पाहताना प्रत्येक वेळी 'हा खरा का तो खोटा' असा खेळ खेळायचा असेल तरच घ्या. मित्र जमवून खेळायला मजा येते.

ब्रूस ली, ब्रूस ले, ड्रॅगन ली असे लीची नक्कल करणारे उसने ब्रूस पुष्कळ. पहिल्या नावात तर मराठी लिपी दगा देते, कारण तैवानच्या हो चुंग-ताओला दिलेलं नाव आणि अस्सल ली आपण एकसारखेच लिहितो. पोस्टरवर चेहरा नीट बघून घ्या.

जाता जाता, 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन'च्या स्पर्धेत एक भारतीय योगी आहे, रंग फासलेला चिनी नट, आणि त्याचे हात रबरासारखे लांब होतात. कुठल्याही देशाच्या सेन्सॉरला त्यात काही आक्षेपार्ह दिसलं असतं तर मी एकदा तरी कात्रीचे आभार मानले असते. पण खरं सांगतो, हसून हसून पोट दुखलं होतं.

डिस्क घेताना

भारतातल्या ब्लू-रे प्लेअरचा विभाग सी, ब्रिटनचा बी, अमेरिका आणि हाँगकाँगचा ए. डीव्हीडीत आपण ५, ब्रिटन २, हाँगकाँग ३, अमेरिका १. बाहेरून डिस्क मागवण्याआधी आपला प्लेअर सर्वविभागी आहे का ते पाहा, नाहीतर महागडी पेटी शोकेसमध्येच राहील. फोर-के डिस्कला ही अडचण नसते. ॲरो, एटी-एट फिल्म्स, युरेका या ब्रिटिश प्रकाशकांनी अलीकडे हे चित्रपट मनापासून काढले आहेत. ज्या देशाने नानचाकू कापला, तिथूनच आज बऱ्याचशा पूर्ण प्रती येतात. पेटीच्या मागच्या बाजूला मिनिटं, ट्रॅकच्या भाषा आणि 'पर्यायी आवृत्ती' हे शब्द शोधा. कुठल्या प्रतीत नेमकं काय नाही, हे चित्रांसकट हवं असेल तर श्निटबेरिष्टे हे जर्मन संकेतस्थळ आहे. तिथली मंडळी सेकंद मोजतात.

पहिले तीन चित्रपट

सुरुवात 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'ने करा, मँडरिनमध्ये. याच्या आवृत्त्यांचा घोळ फारसा नाही. कापलेला नसलेला, नीट वाढलेला चित्रपट कसा श्वास घेतो ते कळतं. सरावाचे प्रसंग लांब आहेत, घाई करू नका, कारण टीव्हीवाल्यांना पहिलं कापावंसं वाटतं ते हेच.

मग दिग्दर्शक चांग चेहचा 'चायनाटाउन किड' (१९७७). फू शेंगच्या सर्वांत चांगल्या कामांपैकी एक. याच्या दोन आवृत्त्या, एक सुमारे ९० मिनिटांची, दुसरी सुमारे ११५ ची. ॲरोच्या शॉस्कोप मालिकेच्या पहिल्या पेटीत दोन्ही आहेत. इथे नुसती लांबी बदलत नाही, शेवटसुद्धा वेगळा आहे. आधी लांब पाहा, आठवडा जाऊ द्या, मग आखूड. दोन्हीकडच्या शेवटांत नायकाला काय मिळतं ते कागदावर लिहा, आणि तो शेवट बघून कुठल्या तिकीटबारीवरचा सेन्सॉर खूश झाला असेल याचा अंदाज बांधा.

तिसरा 'द बिग बॉस'. पूर्ण चित्रपट एकदा मँडरिनमध्ये पाहून घ्या. मग शेवटची, बंगल्याच्या हिरवळीवरची लढत तेवढी काढा आणि ट्रॅक बदलत तीनदा बघा: वांग फू-लिंग, पीटर थॉमस, जोसेफ कू. तिसऱ्या खेपेला डोळे मिटून ऐका. कुठला चित्रपट चाललाय ते बाजूला बसलेल्याला विचारा. माझ्या बायकोने पहिल्यांदा 'जेम्स बाँड' सांगितलं होतं आणि दुसऱ्यांदा, 'आता झोपा'.